टाकी चढली का?

माघ सरायला आला की मला घरात बसवत नाही. थंडी जाते म्हणते आणि जात नाही. सकाळी शाल लागते, दुपारी पंखा लागतो, संध्याकाळी दोन्ही नकोसं होतं. मी या खोलीतून त्या खोलीत जाते, खिडक्या उघडते, कोणी लावल्या की परत उघडते. घरचे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी लागली. लागली असेल. दर वर्षी याच दिवसांत लागते आणि महाशिवरात्र होऊन गेली की आपोआप उतरते.

लातूरला कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. या दिवसांत बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा असतात. पोरं ब्युरेटकडे डोळे लावून उभी असतात आणि मी त्यांच्यामधून उगाचच फेऱ्या मारत असते. एखादी मुलगी घाबरून म्हणते, मॅडम, माझं चुकलं का? तिचं काही चुकलेलं नसतं. माझंच चित्त थाऱ्यावर नसतं.

आमच्या विभागात एक तरुण सहकारी आलाय. भाजीमंडईतला ओला कचरा कुजवून त्यातून गॅस काढायचा आणि तो एका सच्छिद्र भुकटीतून गाळून शुद्ध करायचा, असं त्याचं संशोधन चाललंय. कॉलेजच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं टाकी बसवलीय. सुरुवातीला त्यात शेणाचा काला घातला होता. टाकीत ऊब किती, गॅस किती, सगळं त्याला मोबाइलवर दिसतं. कोणी नेटवर्कमध्ये शिरेल आणि आपले आकडे बदलून टाकेल, ही त्याला धास्ती. म्हणून त्यावरही त्यानं कुलपावर कुलूप चढवलंय. शेणाला पासवर्ड लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. परवा तो तोंड पाडून स्टाफरूममध्ये आला. म्हणाला, मॅडम, गॅस एकदम खाली आलाय, थंडीनं जंतू मंदावले बहुतेक. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, थंडीच आहे कशावरून? टाकीत काय काय जातंय ते आधी बघ. तो हसला. मी चहा तसाच टाकून बाहेर व्हरांड्यात गेले.

नांदूरघाटला, माझ्या माहेरी, आमचं घर म्हणजे पुढं अण्णांचं, माझ्या वडिलांचं, किराणा दुकान, मधे राहायच्या खोल्या आणि मागं गोठा. मी शाळेत होते, आणि देशाची दारं उघडली, असं तेव्हा पेपरात रोज येत होतं. त्या उघड्या दारातून आमच्या दुकानात काय आलं, तर पुड्या. शाम्पूच्या, पान मसाल्याच्या, कपड्याच्या पावडरच्या. माळा करून दारात टांगलेल्या, वारा सुटला की सळसळायच्या. गिऱ्हाईक आत यायला वाकायचं आणि त्यातलीच एक तोडून घ्यायचं. घरात टीव्ही रंगीत झाला. कोपऱ्यावर फोनचं पिवळं बूथ आलं. एवढं सगळं आलं, पण स्वयंपाकाचा सिलिंडर काही आला नाही. तालुक्याला, केजच्या गॅस एजन्सीत अण्णांनी नाव नोंदवलं होतं, ते नोंदवलेलंच राहिलं.

आणि आईला दमा होता. चुलीपुढं बसली की तिची छाती वाजायची. आधी बारीक, मग लांबपर्यंत ऐकू येईल अशी. भाकरी थापता थापता ती थांबायची, परातीच्या काठाला दोन्ही हात टेकायची आणि मान वर करून हवा शोधायची. आम्हाला त्याची सवय झाली होती, हे आता आठवलं की राग येतो, कोणावर ते कळत नाही. केजच्या डॉक्टरांनी एकदा अण्णांना समोर बसवून सांगितलं, की गोळ्या मी देईन, पण धूर बंद केला नाही तर या बाई फार दिवस काढणार नाहीत.  घरी आल्यावर अण्णा पायात चपला तशाच ठेवून गोठ्यामागची जागा पावलांनी मोजायला लागले.

तिथं गोबरगॅस बसला. विटांची गोल विहीर, तिच्यावर उलटं घातलेलं भलंमोठं लोखंडी पिंप. त्याला आम्ही टाकी म्हणायचो. शेणाचा काला एका कुंडीतून आत जायचा, आत कुजायचा, गॅस झाला की टाकी वर चढायची. स्वयंपाक झाला की खाली बसायची. आमच्याकडे जनावरं थोडी, शेण पुरेना. पंचायत समितीच्या माणसानं उपाय सांगितला, की संडास बांधा आणि तो याच्यातच जोडा. अण्णांनी जोडला. गावात सांगितलं मात्र नाही. कोणी विचारलंच तर हात हलवून म्हणायचे, त्याचा खड्डा तिकडं मागं हाय.

गावापासून लपवण्याचं कारण होती आत्या; तिला ठाऊक होतं, पण बाहेर कोणाला कळलेलं तिला चाललं नसतं. अण्णांची थोरली बहीण, सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. नवरा गेल्यावर माहेरी आली, आणि आजी गेल्यावर अण्णांना तिनंच वाढवलं. त्यामुळे अण्णांचा आवाज तिच्यापुढं चढत नसे. आम्ही लिंगायत, सकाळी अंघोळ, कपाळाला भस्म, गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा, हे तिचं कधी चुकलं नाही. त्या गॅसच्या शेगडीवरचं ती खायची नाही. पडवीत वेगळी चूल मांडून आपल्यापुरतं करून घ्यायची. मी तिला एकदा म्हटलं, आत्या, कपाळाचं भस्मसुद्धा शेणाचंच असतं की. ती म्हणाली, "शेण गाईचं आस्तंय. माणसाचं न्हाई."  

पण आईचं दुसरं आयुष्य सुरू झालं होतं. ती उठायची ती आधी मागच्या दारात जाऊन टाकी बघायची. तोंड धुण्याच्या आधी. मग आत येऊन उगाच मोठ्यानं सांगायची, "चढली बरं का." शेगडीचा निळा जाळ बारीक मोठा करून बघण्याचा तिला चाळाच लागला. छाती वाजायची थांबली. त्या पावसाळ्यात ती जात्यावर नाही, पण भांडी घासताना गुणगुणायला लागली. मी तिचा गाण्याचा आवाज त्याआधी ऐकलाच नव्हता.

मग तो हिवाळा आला. मी बारावीला होते. घरात माझ्या अभ्यासाचं फार कौतुक, म्हणजे मला कोणी काम सांगायचं नाही आणि माझ्यापुढं कोणी बोलणं थांबवायचंही नाही. मधल्या खोलीत भिंतीला टेकून मी बसायची आणि घरातलं सगळं कानावर पडायचं. पानावर नजर, कान दुसरीकडे. एक ओळ चार वेळा वाचायची आणि पाचव्यांदा उठून पाणी प्यायचं. त्या हिवाळ्यात मी जेवढं पाणी प्यायले तेवढं आमच्या दोन म्हशी मिळूनही प्यायल्या नसतील.

त्याच हिवाळ्यात आमची पाळी होती. महाशिवरात्रीचा उपास झाला की दुसऱ्या दिवशी गावात स्वामी यायचे, आमच्या समाजाचे गुरू, जंगम. एका घरी त्यांची पाद्यपूजा आणि जेवण. कोणत्या साली कोणाचं घर, ते आधीच ठरलेलं असायचं. आमच्या घराला बऱ्याच वर्षांनी मान आला होता. आत्या दिवाळीपासूनच भिंती सारवायला लागली. अण्णांनी दुकानाच्या फळीला रंग दिला. आणि आईला काळजी पडली ती वासाची. संडास घराला लागून. स्वामी आले, मागच्या अंगणात पाय धुवायला गेले, आणि वास आला तर? अक्का आयुष्यभर बोलून दाखवील.

टीव्हीवर तेव्हा एक जाहिरात लागायची. पांढरा कोट घातलेला माणूस भिंग धरून जंतू दाखवायचा, काळे, वळवळणारे. मग बाटली उपडी केली की सगळे खलास. दुकानात फिनेलच्या नव्या बाटल्या आल्याच होत्या. आईनं एक उचलून आणली. मग दुसरी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, भांडं भरून ओतायची आणि खराट्यानं घासायची. वास जाईना असं तिला वाटे, म्हणून आणखी ओतायची. वास कधीच गेला होता.

टाकी खाली बसायला लागली. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी आई मागच्या दारातून आली ती 'चढली बरं का' न म्हणताच भांड्यांकडे वळली. अण्णा म्हणाले, थंडी हाय, व्हतंय असं. टाकीवर पोती टाकली, पोत्यांवर कडबा रचला. काल्यात कोमट पाणी घातलं. कोणी म्हणालं गूळ टाका, तर तोही टाकला. टाकी हलली नाही. शेगडीचा जाळ पिवळा झाला, मग फुर्र करून विझायला लागला. अण्णांनी एक दिवस सरपण आणून मोरीपाशी टाकलं. आईनं ते उचललं आणि चुलीत घातलं.

छाती परत वाजायला लागली. आता पहिल्यापेक्षा वाईट, कारण मधे आम्ही शांतता ऐकली होती. मी पुस्तक घेऊन माडीवर गेले, तिथंही ऐकू यायचं. गोठ्यात गेले, परत आले. आत्या देवापुढं बसून म्हणाली, महादेवानंच बंद केलंय ते, आता तरी बुजवून टाका. अण्णांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही म्हणाले, कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गवंड्याला निरोप गेला, तेव्हा कळलं.

टाकी कशानं बंद पडली ते मला कळलं कसं, याची काही मोठी गोष्ट नाही. सकाळी संडासात गेले, तर खाली सगळं पांढरं, दुधासारखं, आणि वासानं डोळ्याला पाणी. त्याच आठवड्यात मी फिनॉलची रचना गिरवत होते, षटकोन काढायचा आणि त्याला ओएच जोडायचा. जंतुनाशक, असं त्याच्यापुढं लिहायचं. तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात आलं, की इथलं पाणी नळीतून जातं कुठं? तिकडं आत गॅस कोण करतं? ज्यानं इथले जंतू मरतात, त्यानं तिकडचे मरायचे राहतील का? मी तशीच धावत बाहेर आले. हात धुतले की नाही, आठवत नाही.

आई न्हाणीपाशी भांडी घासत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. जंतू वाईटच असतात असं नाही, टाकीतले आपल्या कामाचे आहेत, तेच गॅस करतात, तू बाटल्या ओतून त्यांना मारलंस. शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर वाटलं, असं बोलायला नको होतं. आईच्या हातातली राख तशीच राहिली. 

"म्हंजी म्याच मारलं व्हय," ती म्हणाली. आणि मग लगेच, "परत जगतेत का?"

जगतात का, ते माझ्या पुस्तकात नव्हतं. अण्णांनी बूथवरून पंचायत समितीला फोन लावला. तिकडून सांगितलं, आतलं बरंच उपसा, नवा काला भरा, आणि दुसऱ्या एखाद्या चालू टाकीतला थोडा काला आणून त्यात मिसळा, म्हणजे जंतू धरतील. आई हे ऐकून पहिल्यांदा हसली. म्हणाली, एवढंच ना, इरजण लावायचं. दूध नासलं तर भांडं फोडतं का कोणी?

गवंडी बुजवायला आला होता, त्यालाच उपसायला लावलं. दुसरी चालू टाकी होती गावाबाहेरच्या वस्तीवर, शेख मास्तरांच्या गोठ्यामागं. अण्णा दुकान आवरून पिंपं घेऊन गेले ते दिवे लागायच्या वेळी. तसेच रिकामे परत आले. आईनं विचारलं, न्हाई म्हणले का? अण्णा म्हणाले, मास्तर हो म्हणाले होते, पिंपं उतरवली पण होती. मास्तरांची बायको बाहेर आली आणि विचारलं, काय नेताय? अण्णांनी आईचाच शब्द सांगितला, इरजण. तर ती म्हणाली, मग दिवेलागणीला कसं देऊ? दही, मीठ, इरजण आमच्या घरातनं या वेळेला जात न्हाई, सकाळी या. सकाळी आई स्वतः बैलगाडीत बसून गेली. तिनं पदर खोचून बादलीनं पिंप भरलं, मास्तरांच्या बायकोच्या बरोबरीनं. येताना पिंपावर कडुनिंबाची डहाळी ठेवली होती, दृष्ट लागू नये म्हणून.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. प्रॅक्टिकलची परीक्षा झाली, त्यात काय केलं ते आठवत नाही. टाकीच्या कडेला कोळशानं ओढलेली रेघ मात्र आठवते. ती बघायला मी दिवसातून कितीदा तरी जायची. आई जायची. अण्णा गिऱ्हाईक तसंच सोडून यायचे, खाकरायचे आणि जायचे. फिनेलच्या उरलेल्या बाटल्या परत दुकानाच्या फळीवर गेल्या. शिवरात्र जवळ आली आणि टाकी बोटभर सरकली. मग वीतभर. उपासाच्या दिवशी आईनं शेगडीला काडी लावून बघितली. निळा जाळ आला. बारीक, पण निळा.

आत्यानं आणि अण्णांनी मिळून आधीच ठरवलं होतं, की स्वामींचा स्वयंपाक चुलीवर. एका दिवसाचा प्रश्न. अण्णा आईला समजावत होते, की एवढा मान आलाय, एक दिवस सोस.  दुसऱ्या दिवशी सकाळी सरपण रचलेलं होतं, काड्यापेटी वर ठेवलेली होती. ती चुलीपुढं जाऊन उभी राहिली. वाकली. मला वाटलं, पेटवली. तिनं काड्यापेटी उचलली आणि शेगडीकडे वळली. पुरण शिजलं, पोळ्या झाल्या, कटाची आमटी झाली. सगळं निळ्या जाळावर.

स्वामी आले. वयस्कर, पातळ अंगाचे, भगवी कफनी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. अण्णांनी आणि आईनं पाय धुतले, पूजा झाली. पाट मांडला, ताट वाढलं. गल्लीतली माणसं दारात उभी होती. स्वामी हात जोडून बसणार, तेवढ्यात आई पुढं झाली.

"स्वामी," ती म्हणाली, "आधी सांगते. हे गोबरगॅसवर केलंय. आन् त्या गॅसला संडास जोडलेला हाय."

आत्यानं भिंतीचा आधार घेतला.  अण्णा आईकडे बघायचे सोडून जमिनीकडे बघत होते. आईचा आवाज चिरकत होता, पण थांबला नाही. "धुरानं माजा जीव चाललाय. तुमाला फसवून वाढू शकले आस्ते. न्हाई वाढलं. पर चूल म्या आता पेटवणार न्हाई."

स्वामींनी ताटाकडे बघितलं. रागावले नाहीत. मला वाटलं, बसतील. खरंच वाटलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला चालंल, माय. मी लई घरचं खाल्लंय. पर मला जी बाकीची घरं बोलावतेत, त्यांना चालणार न्हाई." त्यांनी ताटाला नमस्कार केला, पूजेच्या परातीतलं एक केळ उचललं आणि निघाले. अण्णा त्यांच्या मागं मागं कोपऱ्यापर्यंत गेले. दारातली माणसंही त्यांच्याबरोबर सरकत गेली. त्यानंतर आमच्या घराला पाळी कधी आली नाही. अण्णांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं. पाळी कोणाकडे गेली, हे ते दर वर्षी विचारायचे आणि ऐकून घ्यायचे.

आज माझा सहकारी परत आला होता. सांगत होता, शेडमधली फरशी धुणारा माणूस ॲसिड वापरत होता, ते मोरीतून टाकीत झिरपत होतं, आता सापडलं. मॅडम, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, दुसऱ्या टाकीतला काला आण आणि मिसळ. दिवेलागणीच्या आत आण. तो परत हसला.

कसं कळलं ते त्याला सांगायचं म्हटलं तर कुठून सुरू करायचं? मला त्या दुपारचं घर दिसतं. दारातली माणसं गेलेली. आत्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून बसलेली. अण्णा अजून आलेले नाहीत. वाढलेलं ताट पाटापुढं तसंच, पोळीवर तूप अजून पातळ. मी आईजवळ जायला निघाले, तिला धरावं म्हणून. वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. मोरीवर गेली, हात धुतले, पदरानं पुसले आणि त्या पाटावर जाऊन बसली. आमच्या घरात बायकांनी कधी पाटावर बसून पहिल्या पंगतीला जेवलेलं मी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं उरकून, उरलंसुरलं, गार झालेलं, चुलीशी बसून, असंच तिचं जेवण. तिनं पोळीचा तुकडा मोडला, त्यातून वाफ आली. तो आमटीत बुडवून तोंडात घातला, आणि घास घोळवत ती जरा थांबली.

"गरम आस्तानी आसं लागतंय व्हय हे," ती म्हणाली.